बांगड्यांच्या दुकानामागची खोली

"दुखतं म्हणजे दुखतं. पंचनामा काहून करायचा?"

हे म्हणता म्हणता डॉक्टरीणबाई खुर्ची उचलायच्या. टेबलापलीकडची स्वतःची लोखंडी खुर्ची उचलून अलीकडे, समोरच्या बाईच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ आणून ठेवायच्या आणि मग बसायच्या. टेबल पलीकडे एकटं पडायचं. बाईसोबत आलेली सासू किंवा नवरा त्या टेबलाकडे बघत घुटमळला की त्याच्याकडे मान न वळवता दाराकडे बोट. "तुमी भाईर बसा. चहा पाठवते. बिस्कुट बुडवून बुडवून खा, घाई करू नका."

घाई करू नका, हे त्या नवऱ्यांना फार वेगवेगळ्या कारणांसाठी सांगायच्या. पहिलं चहाबिस्किटाचं असायचं.

तुम्हीही तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरीणबाई पाहिल्या असतील. बाहेर पिशव्या आणि चपलांचा ढीग, आत बाळंतपणं, नसबंदीची शिबिरं, अंगावरून पांढरं जाणं, पाळी. आमच्या डॉक्टरीणबाईही तेच करायच्या. वसमतला त्यांचा छोटा दवाखाना होता, खाली दवाखाना आणि वर घर. पण बाजाराच्या दिवशी त्या जवळा बाजारला यायच्या, आणि तिथे त्या जे काम करायच्या त्याचं नाव कुठल्याही पाटीवर नव्हतं. त्याबद्दल लिहायचं मी ठरवलं आहे. त्यांना जाऊन आता बरेच महिने झाले. दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

मी जवळा बाजारच्या शाळेत मराठी शिकवायचे. शाळेचं वाचनालयही माझ्याकडे होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या भागात सोयाबीन वाढू लागलं होतं, पण बाजारात अजून कापसाच्याच गाड्या जास्त. डॉक्टरीणबाई शाळेत मोठ्या मुलींशी बोलायला आल्या. हेडमास्तरांनी फळ्यावर विषय लिहून ठेवला होता, 'स्वच्छता'. त्या स्वच्छतेवर थोडं बोलल्या, मग हेडमास्तरांना बाहेर चहाला पाठवलं आणि बाकीचं बोलल्या. नंतर वाचनालयात आल्या.

"बाईच्या अंगाबद्दल साध्या मराठीत लिहिलेलं पुस्तक हाय का तुमच्याकडं? बाळंतपण सोडून."

मी कपाटं बघितल्यासारखं केलं. असं पुस्तक नाही हे मला माहीत होतं.

"असणारच न्हाई," त्या म्हणाल्या. "मला कॉलेजात बी कुणी शिकवलं न्हाई. गर्भाशय शिकवलं, त्याचे रोग शिकवले. बाईला नवऱ्याजवळ जाताना दुखतं का, सुख वाटतं का, ह्याचं एक पान न्हाई. मंग मी पोष्टानं पुस्तकं मागवली आन् पुण्याला जाऊन शिकून आले." मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तुमचा आवाज कसा हाय?"

"माझा?"

"मोठ्यानं वाचता येतं का?"

मी मुळात हळू बोलणारी. वर्गातही शेवटच्या बाकावरच्या मुली 'बाई, ऐकू येत न्हाई' म्हणायच्या. पण मी हो म्हणाले, आणि पुढच्या बाजारी त्यांनी मला मणियार चाचीच्या दुकानात नेलं.

आता ती जागा समजून घ्या. पुढे चाचीचं बांगड्यांचं दुकान, मागे एक खोली, मध्ये बोळ. बांगड्यांच्या दुकानात पुरुष थांबत नाही. बायकोला सोडतो आणि बैलांच्या नाहीतर बियाण्याच्या बाजारात जातो. बांगड्या भरायला किती वेळ लागतो हे कुठल्याही पुरुषाला ठाऊक नसतं, आणि विचारायची लाजही वाटते. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या बाजारात हीच जागा निवडली होती. घरून 'बांगड्या भरायला जाते' म्हणून निघायचं, मागच्या खोलीत जाऊन यायचं, निघताना चाचीकडून दोन-चार बांगड्या भरून घ्यायच्या. चाची त्या बाईंच्या पेशंटना थोड्या स्वस्तात भरायची आणि वर म्हणायची, "जा माँ, तेरा मरद खुश तो मेरा धंदा खुश."

"मरद कशाला? ती खुश पाहिजे," आतून आवाज यायचा.

खोली आणि बोळ यांच्या मध्ये नुसती प्लायवूडची फळी. आतलं बोलणं बोळात बसलेल्या बायकांना ऐकू गेलं असतं. म्हणून मी. सतरंजीवर बसलेल्या बायकांना मोठ्याने गोष्ट वाचून दाखवायची, म्हणजे आतल्या बाईचं दुखणं आतच राहील. मी राजाराण्यांच्या, राक्षसाच्या, पोपटात जीव ठेवणाऱ्या जादूगाराच्या गोष्टी वाचायचे. माझा आवाज उतरला की फळीवर टकटक व्हायची. "मास्तरीण, आवाज!" एक म्हातारी तर काहीच दुखत नसताना दर बाजारी येऊ लागली. राजपुत्राचं पुढे काय झालं एवढंच तिला हवं असायचं. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "मावशी, तुमाला काय तकलीफ?" म्हातारी म्हणाली, "मला काय न्हाई गं माय. ह्या बाईला लवकर वाचायला सांग, मला सरपण बी घ्यायचंय."

आत काय चालायचं ते मला ऐकू येत नसे, पण त्यांना परतीच्या गाडीपर्यंत सोडायला जाताना, कुणाचं नाव गाव न घेता, त्या सांगायच्या. त्यांना सांगायला कुणीतरी हवं असावं. त्यातून मला कळलं की लोक ज्याला एकच गोष्ट समजून एकच शिवी देतात, त्या किती निरनिराळ्या गोष्टी आहेत. कुणाला बाळंतपणात घातलेले टाके आखडून दुखायचं. कुणाचं पोरगं अंगावर पीत असल्यामुळे, कुणाची पाळी गेल्यामुळे अंग कोरडं पडलेलं. कुणाला साखरेचा आजार, कुणाला थायरॉइडचा. कुणाला मनाच्या आजाराच्या गोळ्यांनी इच्छाच उरलेली नाही. कुणी दिवसभर कापूस वेचून आलेली, तिला फक्त झोप हवी. तिला त्या औषध देत नसत. "हिला काय झालंय? हिला काम झालंय. नवऱ्याला म्हनावं, पाणी भर." आणि काही बायकांचं अंग नवरा जवळ येताच स्वतःहून मिटून जायचं, मूठ आवळावी तसं. ती मूठ बाई आवळत नाही, ती आपोआप आवळते, हे एवढं साधं वाक्य कुणाला पटायचं नाही. बाईलाही नाही.

सगळ्यांना एकच शब्द होता, थंड. तो शब्द ऐकला की त्या भडकायच्या. "थंड म्हंजे? बाई काय रांजण हाय का?"

गंमत अशी की ज्या घरांत त्यांच्या हातचं पाणी कुणी प्यायलं नसतं, त्या घरांतल्या सुना त्यांना असं काही सांगायच्या जे आईलाही सांगितलेलं नसे. हट्टा गावच्या बौद्धवाड्यातून शिकून डॉक्टर झालेली बाई ती. एकदा एका मोठ्या घरच्या सासूने चहाचा कप न घेता तसाच ठेवला. त्या म्हणाल्या, "ठेवा. सुनेचं दुखणं मातर तुमी माझ्याच हातानं काढून घेणार, न्हाई का?" सासूने कप उचलला. प्यायली की नाही ते मी बघितलं नाही. मला वाचायचं होतं.

माझंही सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं लग्न परभणीला झालं होतं. वर्षाच्या आत मला माघारी पाठवलं. माझ्या वडिलांना सासरे म्हणाले, "गुरुजी, मुलगी सुस्वभावी आहे, पण संसाराची नाही." वडील भला माणूस, त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. पुस्तकं आणून दिली. त्यांनी विचारलं नाही म्हणून मीही कधी विचारलं नाही, आणि माझ्यात कुठलं तरी दार विटांनी बुजवलेलं आहे असं समजून मी जगत राहिले.

एका बाजारी, सगळ्या बायका गेल्यावर, सतरंजी घडी करताना मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी खुर्ची उचलली नाही, खाली सतरंजीवरच बसल्या.

"तुमाला तपासलं कुणी?"

"नाही."

"मंग ठरवलं कुणी, संसाराची न्हाई म्हून?"

"सगळ्यांनीच."

"सगळे डाक्टर होते का?"

मला हसू आलं, आणि मग बराच वेळ हसू नाही आलं. पुढच्या बाजारी त्यांनी मला तपासलं. हळू, प्रत्येक वेळी आधी सांगून, मी थांब म्हटलं की थांबून. म्हणाल्या, "सगळं जागच्या जागी हाय. विटा न्हाई न् काही न्हाई. नुसतं भिऊन बसलंय. भित्याला कुणी मारतं का? त्याला समजावतात." त्यांनी मला श्वासाचे, स्नायू आवळून सोडायचे व्यायाम सांगितले. मी म्हटलं, आता हे कशासाठी, मला कुठे नवरा आहे?

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी वर्गात पाढे चुकले आहे. "नवऱ्यासाठी कोण करून राहिलं? अंग तुमचं हाय ना?"

ह्या एका वाक्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. सभ्य घरांत असं वाक्य बोलत नाहीत. ते बोलायला हवं होतं.

मग साखऱ्याची पोरगी आली. माहेर सेनगावकडे साखऱ्याला, दिलेली आमच्या बाजारापासून जवळच्या गावात. लग्नाला दीड-दोन वर्षं झालेली. नवरा जवळ आला की ती दात खायची, पाय लाकडासारखे व्हायचे, एकदा तर घाबरून त्याला चावली होती. बाहेरचं काही आहे म्हणून अंगारे झाले, लिंबू झाले, एका बाबाने केस ओढून हलवलं. आता सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, दिवाळीला हिला साखऱ्याला सोडायचं ते कायमचं, आणि पोराचं दुसरं करायचं. मी पुस्तक हातात धरून बसले होते, पण तिच्याकडे बघून मला परभणीहून माझ्याबरोबर माघारी आलेली माझी ट्रंक दिसत होती.

त्या दिवशी गर्दी होती म्हणून चाचीने तिला आधी बांगड्या भरायला बसवलं. पोरगी इतकी ताठलेली की हाताची मूठच सुटेना. पहिली बांगडी तडकली.

"हात पत्थर कर को बैठी तो चूडी क्या करेगी?" चाची म्हणाली. "ढीला छोड, माँ. वो देख बाहर, बकरी क्या खारी." बाहेर एक शेळी कुणाच्या तरी पिशवीतली कोथिंबीर ओढून खात होती आणि पिशवीवाला भाव करण्यात गुंग. पोरगी फिसकन हसली. चाचीचा अंगठा तिच्या हातावरून फिरतच होता. बांगडी कधी आत गेली ते तिला कळलंही नाही.

दाराचा पडदा बाजूला करून डॉक्टरीणबाई बघत होत्या. त्यांनी तिला तशीच आत बोलावलं. "हात तोच ना? बांगडी त्याच मापाची ना? मंग मघाशी काय झालं न् आता काय झालं, मला सांग."

फळीआडून एवढंच ऐकलं. मग टकटक झाली आणि मी राक्षसाला जोरात गर्जना करायला लावली.

त्यानंतर त्यांनी तिला जे शिकवलं ते त्या सगळ्याच अशा बायकांना शिकवायच्या, आणि लपवण्यासारखं त्यात काही नाही. आधी नुसता श्वास. मग स्नायू आवळणं आणि सोडणं, म्हणजे सोडणं म्हणजे काय ते कळेल. मग आरशात स्वतःला बघणं, जे तिने कधी बघितलेलं नसतं. मग खोबरेल लावून स्वतःचंच बोट, दुसऱ्या कुणाचं नाही. मग लहानापासून मोठ्या अशा गुळगुळीत नळ्या, जशी हिंमत वाढेल तशी. दुखलं की थांबायचं. आणि हे सगळं चालू असेपर्यंत नवऱ्याला सक्त मनाई. ही मनाई सांगण्यासाठी नवऱ्याला बोलवावं लागायचं, आणि इथेच बहुतेक संसार अडायचे.

हा मात्र आला. जिनिंगमध्ये कामाला होता, मिशीत अजून कापसाचे धागे. खाली बघत म्हणाला, "डाक्टरीणबाई, मी राक्षस हाव का? ती मला पाहून दात खाती. मला बी वाटतं ना काही." त्यांनी त्याला बाहेर चहाला पाठवलं नाही. चाचीला आत बोलावलं, मलाही. म्हणाल्या, "मूठ वळ." त्याने वळली. "चाची, घाला बांगडी." चाचीने रेटली. बांगडी फुटली, त्याच्या बोटाच्या पेरावर रक्ताचा थेंब आला.

"दुखलं?"

"दुखलं तर!"

"कशानं दुखलं? बांगडीनं का मुठीनं?"

तो विचारात पडला. इतका वेळ की चाची मला डोळ्यांनी विचारू लागली. मग म्हणाला, "घाईनं."

"बराबर!" डॉक्टरीणबाईंनी टेबलावर थाप मारली. मग चाचीने त्याचा हात दाबला, चोळला, त्याला आईबद्दल विचारलं, गावातल्या विहिरीबद्दल विचारलं, आणि सगळ्यात मोठ्या मापाची हिरवी बांगडी त्या कामकरी हातात सरकवली. तो हाताकडे बघून लाजला, हसला. त्याला जे कळायचं ते कळलं होतं.

पण ती बांगडी निघेना. साबण लावला, निघेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फोडा. चाची दुकानाच्या उंबऱ्यावर आडवी उभी राहिली. भरताना तडकली तर तडकली, पण सकाळच्या बाजारात भरलेली बांगडी हाताने फोडायची? बांगडी फोडणं कशाचं असतं, सगळ्या बायकांना माहीत. "मेरी दुकान में नहीं. सुहागन बैठे सो हैं." आणि बोळातल्या बायकांनीही कानावर हात ठेवले. त्याची जिनिंगवर कामाला जायची वेळ झाली होती. त्याने हातावर रुमाल गुंडाळला आणि गेला. जाताना हॉटेलात चहा प्यायला थांबला. रुमाल सुटला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात एकच बातमी. डॉक्टरणीनं गड्याला बांगड्या भरल्या.

पुढच्या बाजारी सासरे आले, भावकीतली माणसं घेऊन. सून त्यांच्या मागे, हातात कापडाची पिशवी. ती पिशवी बघूनच मला कळलं, आज हिला इथूनच साखऱ्याच्या गाडीत बसवणार. माझं पुस्तक मिटलं.

"कुठाय ती डाक्टरीण? माझ्या पोराला बांगडी भरती? मर्दाला?"

त्या बाहेर आल्या. येताना खुर्ची घेऊन आल्या, सासऱ्यांसमोर ठेवली. "बसा आबा." ते बसले नाहीत. मग स्वतःच बसल्या. खाली बसून वर बघत बोलल्या, पण आवाज खाली नव्हता.

"चूक माझी हाय. बांगडी काढूनच पाठवायला पाहिजे होतं. बांगडीची माफी मागते. पण बांगडीचीच. पोरीची मागणार न्हाई."

"पोरगी थंड हाय. लिहून द्या, नांदायच्या लायक न्हाई म्हून. आमी आत्ता सोडतो तिला."

"न्हाई देत."

"काहून?"

"खोटं हाय म्हून. रांजणाला थंड म्हना, माठाला म्हना. ही बाई हाय. हिचं दुखतं, आन् ते बरं होऊन राहिलंय."

भावकीतला एकजण फिदीफिदी हसला, "रांजण म्हनं!" आणि हसू पसरलं. सासऱ्यांचा चेहरा काळवंडला. कुणी म्हणालं, "पोराला विचारा की, कसं वाटलं बांगडी भरून?" पोरगा गर्दीच्या कडेला होता. त्याला पुढे ढकललं. मला वाटलं, आता संपलं. आमच्याकडच्या मुलांना मी शिकवलेलं आहे. बापासमोर त्यांची जीभ उचलत नाही.

"आबा, मला कुणी भरली न्हाई," तो म्हणाला. "मीच हात फुडं केला."

"मंग लुगडं बी नेस!" गर्दीतून.

"नेसतो," तो ओरडला. त्याच्या गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. "नेसतो, काय म्हननं हाय? संसार तुमी करता का माझा?" आणि त्याने बायकोच्या हातातली पिशवी घेतली. आपल्या हातात घेतली, एवढंच. पण नवऱ्याने बायकोची पिशवी भर बाजारात उचलली हे सगळ्यांनी बघितलं.

सासरे म्हणाले, "माझ्या घरात पाय ठेवू नका." दोघांनी जिनिंगच्या मागे पत्र्याची खोली घेतली.

आमची खोली मात्र गेली. जागामालकाने दुसऱ्याच दिवशी कुलूप घातलं. बाजारात भलतेसलते धंदे नकोत म्हणे. चाची त्याला जे बोलली ते मी इथे लिहू शकत नाही, मी मराठीची शिक्षिका आहे. डॉक्टरीणबाई कुलपासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तरीण, तुमच्या घरात किती खोल्या?"

दोन होत्या. एक त्यांची झाली. हेडमास्तर मला बोलावून म्हणाले, "मॅडम, लोक बोलून राहिले." मी म्हटलं, "बोलू द्या, सर." माझ्या तोंडून ते इतकं मोठ्याने निघालं की शिपाई आत डोकावला.

पण शिक्षिकेच्या घरी जायला बायकांना निमित्त काय? हे आम्हाला सुचलंच नव्हतं. पहिल्या बाजारी कुणी आलं नाही. दुसऱ्या बाजारी चाची दुकान सुनेवर टाकून, डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन आली आणि माझ्या ओसरीवर पथारी टाकून बसली. "चलो," म्हणाली, "बांगड्या यां मिलते अब."

साखऱ्याची पोरगी उन्हाळ्यापर्यंत येत राहिली. एका दुपारी ती आतून बोलली, आणि ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी वाचत नव्हते. "बाई, आता दुखत न्हाई."

मला वाटलं, झालं. टाळ्या वाजवाव्या असं वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखत न्हाई, हे अर्धं झालं. बरं वाटतं का?"

आत तिच्या बांगड्या नुसत्या किणकिणल्या.

"लाजू नको. त्याला बरं वाटतं का, ते न्हाई विचारलं. तुला वाटतं का?"

 मग अगदी बारीक, पदरातून आल्यासारखं, "व्हय."

"मंग आता माझ्याकडं येऊ नको," त्या म्हणाल्या. "आता बांगड्या भरायलाच ये."

सगळ्यांचं असं झालं नाही. एकीला नवरा मारायचा. तिला त्यांनी स्पष्ट सांगितलं, "तुझं अंग शहाणं हाय. तेच मिटून घेतंय तुला वाचवायला. इथं माझं औषध नको, पोलीस पाहिजे." ती पोलिसांत गेली नाही, आणि पुन्हा आलीही नाही. तिचा विषय निघाला की त्या रस्त्याकडे बघत बसायच्या. एकीला वर्षभर प्रयत्न करूनही इच्छा म्हणून काही झाली नाही. तिला त्या म्हणाल्या, "न्हाई तर न्हाई. ज्याला भूक न्हाई त्याला कोंबून खाऊ घालत न्हाईत. तुझ्यात काही कमी न्हाई." ती बाई माझ्या ओसरीवर बसून रडली, आणि मग चाचीकडून हातभर बांगड्या भरून गेली.

असं दहाबारा वर्षं चाललं. मग चाची गेली. मग डॉक्टरीणबाईंना आजार झाला, तोही बाईपणाचाच, आणि त्यांनी तो स्वतःच आधी ओळखला. शेवटी भेटायला गेले तेव्हा नर्स त्यांना विचारत होती, दुखतंय का, थोडं की जास्त? त्या माझ्याकडे बघून हसल्या. बोलायची ताकद नव्हती.

शोकसभा वसमतला एका मंगल कार्यालयाच्या मैदानात झाली. मंडप, भोंगे, हार घातलेला फोटो. पुढारी बोलले, डॉक्टर बोलले, हेडमास्तर बोलले. सगळ्यांनी बाळंतपणांचं सांगितलं. हजारो बाळांना त्यांनी जगात आणलं, असं एक जण म्हणाला, दुसऱ्याने त्यावर आणखी काही हजार चढवले. ते खरंच होतं. पण एकाच्याही तोंडी त्या खोलीचा उल्लेख आला नाही. खाली बायका बसल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी मी ओळखत होते. त्या कशा बोलणार?

मी उठले आणि माईक मागितला. मला बोलायची सवय नाही, म्हणून फार बोलले नाही. म्हणाले, "बाळंतपणं त्यांनी केली, पण तेवढंच केलं नाही. बायकांना नवऱ्याजवळ जाताना जे दुखतं, जी भीती वाटते, जी इच्छा मरते, तो आजार आहे, बाईचा दोष नाही, आणि त्याला इलाज आहे, हे ह्या जिल्ह्यात त्यांनी सांगितलं, आणि इलाज केला. मला ह्याच कारणावरून सासरहून माघारी पाठवलं होतं. मी त्यांची पेशंट होते."

मंडपात खुर्च्या करकरल्या. अध्यक्षांनी खाकरून म्हटलं, "बाई, प्रसंग काय, आपण बोलतो काय."

"प्रसंग मरणाचा आहे," मी म्हटलं. "म्हणूनच बोलले." आणि खाली उतरले.

मंडपाच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी जाऊन मी तोंड धुतलं.  तेवढ्यात धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ माझ्यामागे येऊन उभे राहिले. खांद्यावर उपरणं, पायांत टायरच्या चपला. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, तुमी बोलल्या ते खरं हाय का?"

"खरं आहे."

"माझी पोरगी माघारी आलीय. दोन वर्सं झाली. तिचं बी असंच." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हंजे तिच्यात बाहेरचं काही न्हाई?"

"नाही."

"भूत न्हाई?"

"भूत नाही, बाबा. काही नाही. तिचं दुखतं."

ते टाकीच्या कट्ट्यावर बसले. उपरण्याचं टोक हातात घेऊन ते पिळू लागले, कपडा पिळतात तसं. "मंग आमी तिला..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "मंग आमी तिला उगंच..."  मी त्यांना ते वाक्य पूर्ण करू दिलं नाही.

"पोरगी कुठे आहे?"

"घरी. ढोरांच्या कोठ्याच्या खोलीत ऱ्हाती. भाईर येत न्हाई." मग घाईघाईने, "पर बाई, आता कुठं न्यावं? ह्या डाक्टरीणबाई तर गेल्या."

 नांदेडला एक तरुण डॉक्टरीण आहे, डॉक्टरीणबाईंकडे शिकून गेलेली. ती हे काम करते की सोडून दिलं, मला माहीत नव्हतं. मी तसं त्यांना सांगितलं. म्हटलं, तिला विचारू. ती नाही म्हणाली तर दुसरीला विचारू. पण आधी मला तुमच्या पोरीशी बोलू द्या.

"आत्ता?"

"आत्ता."

"सभा संपली न्हाई अजून."

"चालू द्या," मी म्हटलं.

रस्त्यावर एक टमटम उभा होता. म्हातारे पुढे ड्रायव्हरपाशी बसले, मी मागे दोन दुधाच्या कॅनांमध्ये. मंडप मागे पडला तरी भोंगा बराच वेळ ऐकू येत होता. कुणीतरी नवा वक्ता बाळंतपणांचा आकडा सांगत होता. म्हातारे एकदाही मागे वळले नाहीत. ते ड्रायव्हरला सारखं म्हणत होते, "जरा लवकर घे, लेका. पोरगी घरी एकलीच हाय."